सी प्लस प्लस कोडमधून सिम्बॉल (फंक्शन, क्लास वगैरेंची नावं) काढणारं माझं टूल ओव्हरलोड केलेली, म्हणजे एकाच नावाची पण वेगळे पॅरामीटर घेणारी फंक्शनं एकच समजतं. काय सुधारू?

सिम्बॉलची ओळख नावावरून ठरवणं आधी थांबवा, घोळ तिथेच आहे. डबल घेणारं 'एरिया' आणि इंट घेणारं 'एरिया' ही दोन वेगळी फंक्शनं आहेत, पण रेगेक्सला, म्हणजे नुसता मजकुराचा नमुना शोधणाऱ्या पॅटर्नला, दोन्हीकडे एकच शब्द दिसतो. क्लँग हा सी प्लस प्लसचा कंपायलर यासाठी प्रत्येक डिक्लेरेशनला यूएसआर (युनिफाइड सिम्बॉल रेझोल्यूशन) नावाची ओळखीची स्ट्रिंग देतो. तिच्यात नेमस्पेस, क्लास, पॅरामीटरचे टाइप असं सगळं येतं, त्यामुळे वेगवेगळ्या फाइलींतून काढलेला तोच सिम्बॉल नीट जुळतो. तुमच्या इंडेक्सची की हीच ठेवा. नाव फक्त दाखवायला.

पार्सरला, म्हणजे कोड वाचून समजून घेणाऱ्या भागाला, प्रत्यक्ष बिल्डचेच कंपायलर फ्लॅग द्या. नाहीतर इफडेफच्या (अट पुरी झाली तरच कोड घेणाऱ्या निर्देशाच्या) आतली अर्धी फंक्शनं गायब होतील आणि तुम्ही दोष पार्सरला देत बसाल.

मॅक्रोतून आलेल्या सिम्बॉलची जागा दोनदा नोंदवा: मजकूर जिथे लिहिलाय ती आणि मॅक्रो जिथे उलगडला ती. क्लँगकडे दोन्ही असतात.

सिम्बॉलच्या वर्णनाचं म्हणाल तर अख्खी सिग्नेचर (फंक्शनचं नाव, पॅरामीटर, टाइप) एका स्ट्रिंगमध्ये कोंबू नका. स्विफ्ट भाषेचा सिम्बॉल ग्राफ (सिम्बॉलची माहिती साठवणारा फॉरमॅट) बघाच, मला ती रचना फार आवडते: कीवर्ड, नाव, टाइप असे सुटे तुकडे, आणि टाइपच्या तुकड्यासोबत त्या टाइपची स्वतःची ओळख. लिंक देणं मग अगदी सोपं होतं.

डॉक कॉमेंट, म्हणजे कोडचं डॉक्युमेंटेशन म्हणून लिहिलेल्या कॉमेंट, सापडत नसतील तर स्लॅश मोजा. दोन स्लॅशची साधी कॉमेंट क्लँग एरवी डॉक्युमेंटेशन म्हणून धरत नाही, तीन स्लॅशची धरतो.