ठाण्यात सोसायटीतर्फे स्थानिक इतिहासाचा कार्यक्रम करायचा आहे. कसा करावा, आणि त्यातून जुनं काही खरंच जपलं जातं का?

तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडला नव्याने राहायला आलात, कमिटीला 'ठाण्याचा इतिहास' असा काहीतरी कार्यक्रम हवाय, आणि एका सभासदाने मीटिंगमध्ये विचारलं की असल्या कार्यक्रमांनी जुनी एक तरी वीट वाचते का? त्या सभासदाला आधी कार्यक्रमाच्या कमिटीवर घ्या. त्याने विचारलंय ते बरोबर आहे.

मी नौपाड्यात वाढले, अजून तिथेच राहते, आणि आम्ही काही मंडळी बरीच वर्षं गावठाणातल्या फेऱ्या, जुन्या फोटोंची प्रदर्शनं असले उद्योग करतो. माझं मत असं की स्टेजवरच्या कार्यक्रमाने काही वाचत नाही. पण त्या निमित्ताने लोकांच्या घरातलं, डोक्यातलं जे बाहेर येतं ते नाव, जागा, सालासकट कागदावर उतरवलं, तर ते पुढे कामाला येतं. त्यामुळे फेटे, ढोल-ताशा, भाड्याच्या तलवारी यांवर पैसे घालवू नका. त्याची हौस असेल तर गुढीपाडव्याला गावात या, कोपिनेश्वराची पालखी निघते, स्वागतयात्रेत चित्ररथ असतात. तुमच्या पार्किंगमध्ये त्याची छोटी आवृत्ती कशाला? शिवाय असा सोहळा म्हटला की बॅनर येतो, बॅनर आला की शुभेच्छुक येतात, आणि त्यांच्या फोटोंखाली इतिहासाला दोन इंच जागा उरते.

आता विषय. 'ठाण्याचा इतिहास' हा विषय नाही, तो ढीग आहे. शिलाहार राजांच्या श्रीस्थानकापासून, म्हणजे जुन्या ठाण्यापासून, सुरुवात केलीत तर वक्ता पोर्तुगीजांपर्यंत पोचायच्या आत लोक जेवायला उठतील. एकच जागा घ्या. तुमच्या बाबतीत मी तुमचीच जागा सुचवेन. हसू नका. घोडबंदर रोडला इतिहास नाही असं तिथे राहणाऱ्यांनाच वाटतं. कोलशेत, बाळकूम, कासारवडवली, कावेसर, ओवळा ही गावं तुमच्या टॉवरच्या आधीपासूनची आहेत, त्यांची गावठाणं, देवळं, तळी अजून आहेत. आणि मधला एक थर तर सगळेच विसरतात, तो म्हणजे कारखाने. वागळे इस्टेट, कोलशेत रोडच्या केमिकल कंपन्या, १९२५ साली सुरू झालेली रेमंडची गिरणी. ठाण्यातले कितीतरी टॉवर कारखान्यांच्या जमिनींवर उभे आहेत. तिथे तीस-तीस वर्षं शिफ्ट केलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याकडे गेटपास आहेत, पगाराच्या स्लिपा आहेत, युनियनची पत्रकं आहेत, कँटीनमधले ग्रुप फोटो आहेत. किल्ल्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. यांच्याकडचे कागद मात्र घर आवरताना रद्दीत जातात.

म्हणून कार्यक्रमाचं मुख्य अंग माझ्या मते एक टेबल. एक स्कॅनर, एक लॅपटॉप, दोन मुलं. लोकांना सांगा, घरातलं जुनं काहीही घेऊन या: फोटो, लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या, सातबारा. मूळ वस्तू ठेवून घ्यायची नाही, हा नियम कडक पाळा. समोरच स्कॅन करायचं आणि लगेच हातात परत द्यायचं. 'दोन दिवसांत आणून देतो' म्हणणाऱ्यांनी गावोगावचे अल्बम गिळलेले आहेत, त्यामुळे लोक बिचकतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. स्कॅन ६०० डीपीआयवर करा, म्हणजे मागच्या दुकानाची पाटीसुद्धा वाचता येते. फोटोच्या पाठीमागची बाजूही स्कॅन करा, साल बहुतेक वेळा तिथेच असतं. एका छापील कागदावर कोणाचा फोटो, कुठला, कोणी दिला, कुठे वापरायची परवानगी आहे, एवढं लिहून सही घ्या.

दुसरं, बोलतं करणं. यात मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथेच बहुतेक कार्यक्रम फसतात. वयस्कर माणसासमोर माइक धरून 'आजोबा, इतिहास सांगा' म्हटलं की ते शिवाजी महाराजांपासून सुरू करतात. त्यांना वाटतं तुम्हाला तेच हवंय. त्याऐवजी विचारा, पाणी कुठून भरायचात? रात्रपाळी सुटल्यावर घरी कसे यायचात? पहिली एसटी कुठपर्यंत यायची? बाळंतपणाला कुठे नेत? होळी कुठे पेटायची? मेलेल्याला कुठल्या वाटेने न्यायचे? या शेवटच्या प्रश्नावर तर लोक अख्खा नकाशा उभा करतात, कारण ती वाट ठरलेली असते आणि वाटेतली प्रत्येक खूण लक्षात असते. चेंदणी कोळीवाड्यातल्या एका मावशींना आम्ही होड्यांबद्दल विचारलं, तर त्यांनी कोणाची होडी कुठे लागायची ते ओळीने सांगितलं, घराण्यांच्या क्रमाने. असं कुठल्या पुस्तकात मिळणार? बायकांशी वेगळं बसून बोला, घरातल्या पुरुषांसमोर त्या 'यांनाच विचारा' म्हणून मोकळ्या होतात.

चेंदणीचा विषय निघालाच आहे तर सांगते, हा कोळीवाडा रेल्वेच्या दोन्ही बाजूंना आहे आणि पूर्वेला मीठबंदर रोड हे नावच खाडीच्या धंद्याची साक्ष देतं. नारळी पौर्णिमेला तिथून मिरवणूक निघते आणि खाडीला नारळ वाहतात. तो कुणी 'हेरिटेज फेस्टिव्हल' म्हणून सुरू केलेला नाही. तुमच्या सोसायटीतल्या मुलांना तिथे पाहुणे म्हणून न्या, कडेने चाला, घरात घुसून फोटो काढू नका.

जुन्या गावात एक फेरी करायचीच असेल तर सकाळी सातच्या आत तलावपाळीला जमा. मासुंदा तलावाकाठी कोपिनेश्वराचं देऊळ, जे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० च्या सुमारास बांधलं आणि १८७९ मध्ये लोकवर्गणीतून दुरुस्त झालं. तलावाजवळच पोर्तुगीज काळातलं सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च. टेंभी नाक्याच्या बाजूला पारशांची अग्यारी आणि बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, समाजाचं शार हशामाईम सिनेगॉग (प्रार्थनास्थळ), तेही १८७९ चंच. एका गावात एकाच साली देवळाला वर्गणी निघते आणि सिनेगॉग उभं राहतं, हे मुलांना सांगा, तारखांच्या यादीपेक्षा त्यांना ते लवकर समजतं. सिनेगॉगला आधी पत्र देऊन वेळ घ्या, ओळखपत्रं बरोबर ठेवा, शनिवार टाळा. चर्चला रविवारच्या मिस्साच्या वेळी जाऊ नका. अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नसतो, बाहेरूनच बघा.

पुढे ठाण्याचा किल्ला, म्हणजे आजचा तुरुंग. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, पुरा व्हायच्या आतच १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी. आत सोडत नाहीत आणि भिंतीचे फोटोही काढू देत नाहीत. पहाऱ्यावरच्या शिपायाशी हुज्जत घालू नका. इथली गोष्ट मात्र बाहेर उभं राहून मस्त सांगता येते. १८१६ च्या सप्टेंबरात दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे याच किल्ल्याच्या कैदेतून निसटले. बाहेरचा एक मोतद्दार घोड्याला खरारा करताना गाणं म्हणायचा आणि त्या गाण्यातून पळून जायचा बेत आत पोचवायचा, अशी आख्यायिका आहे. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठी कुठे कळत होतं! दहा मिनिटांचं पथनाट्य याच्यावर सहज बसतं. त्याच तुरुंगात २ मे १८४८ ला इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे यांना फाशी दिलं, आणि १९ एप्रिल १९१० ला नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे यांना. हे मात्र नाटकात घालू नका, नावं वाचा आणि पुढे चला.

तारीख कोणती, असंही विचारलंय. एप्रिलमध्ये तीन तारखा जवळजवळ येतात. १६ ला बोरीबंदर ते ठाणे ही १८५३ ची पहिली गाडी, १८ ला जागतिक वारसा दिन, १९ ला कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांच्या फाशीचा दिवस. ऊन फार असतं एवढीच अडचण. नाहीतर १९ ते २५ नोव्हेंबर हा वारसा सप्ताह, हवा छान आणि परीक्षाही नसतात. पहिल्या गाडीचे चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, साहिब-सिंध-सुलतान ही तीन इंजिनं, हे ठाणेकराला पाठ असतं. पण पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, खाडीवर पूल टाकून गाडी कल्याणला नेली, याचं कोणाला कौतुक नाही. मला तरी ते काम जास्त अवघड वाटतं.

आता त्या सभासदाच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग, प्रत्यक्ष जपणुकीचा.

तुमच्या भागात सतत खोदकाम चालू आहे, म्हणून एक जुनी हकीकत. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला, शके ९३९ चा, म्हणजे इसवी सन १०१७ चा. कुणीतरी तो वितळवला नाही, पुढे नेला, आणि वर्षभरात त्याचं भाषांतर कलकत्त्याहून छापून निघालं. आज जेसीबीच्या तोंडी असं काही आलं तर? १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे: जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. हे सुपरवायझरला माहीत नसतं. तुमच्या कार्यक्रमात एक फलक याचा लावा, साइटवरच्या लोकांना कळेल अशा हिंदीतही.

गावदेवीच्या पारावर शेंदूर फासलेले दगड दिसतील. एखादा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, असेल, एखादी गद्धेगाळ असेल, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारा शिलाहारकाळातला दगड. त्यांना हलवू नका, शेंदूर खरवडू नका, तो गावाचा देव आहे. अक्षरं वाचायला लोक पीठ किंवा खडू चोळतात, तेही नको. संध्याकाळी अंधार पडताना बाजूने तिरका टॉर्च मारा आणि फोटो काढा, खोदलेली रेघ सावलीने आपोआप उठून दिसते. किल्ल्यांचंही तसंच. घोडबंदरच्या किंवा बेलापूरच्या किल्ल्यावर श्रमदान करायचं असेल तर ज्यांच्या ताब्यात तो आहे त्यांची लेखी परवानगी काढा, प्लास्टिक उचला आणि खाली या. ढासळलेला दगड 'जागेवर बसवून' वर सिमेंट लिंपणाऱ्या उत्साही मंडळींनी जे नुकसान केलंय ते पावसानेही केलेलं नाही.

आणि जुन्या घराच्या मालकाला भाषण देऊ नका, ही माझी विनंती. आमच्या गल्लीत कौलारू, लाकडी गॅलरीचं एक घर होतं. सगळे येऊन 'किती सुंदर, पाडू नका' म्हणायचे. गळणारं छप्पर, पागडीचे भाडेकरू आणि भावाभावांची वाटणी मात्र मालकाच्या गळ्यात. पाडायचं ठरल्यावर आर्किटेक्चरच्या काही विद्यार्थ्यांनी त्यांची परवानगी घेऊन दोन रविवारी मोजमापं घेतली, प्रत्येक खांब-तुळई कागदावर काढली. घर गेलं, ड्रॉइंग राहिली. मालकांनी स्वतः त्याची एक प्रत नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये लावली आहे. दरवेळी पूर्ण वास्तू वाचेलच असं नाही. अशी नोंद झाली तरी मी ते काम झालं असं धरते.

जी वास्तू किंवा तळं सार्वजनिक आहे तिथे मात्र सोडू नका. आधी माहिती अधिकारात, दहा रुपयांच्या अर्जावर, विचारा की ही जागा महापालिकेच्या वारसा यादीत किंवा राज्य पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहे का. उत्तर 'नाही' आलं तर तुमच्या टेबलावर जमलेले फोटो, जुन्या पावत्या, म्हाताऱ्यांच्या सहीचे जबाब जोडून यादीत घेण्यासाठी निवेदन द्या आणि पोच घ्या. नुसत्या 'आमच्या भावना' लिहिलेल्या निवेदनाला कुणी विचारत नाही. १९६२ चा फोटो जोडलेला असला की निदान फाइल उघडावी लागते. सगळ्या स्कॅनचा एक संच ग्रंथालयात द्या. आपल्याकडे १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, त्यांच्याशी बोलून बघा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठेवलेलं फोन बदलला की गेलं.

परवानग्यांचं म्हणाल तर आवारात करताय तोवर कमिटीचा ठराव पुरे. लाउडस्पीकर किंवा रस्त्यावरची मिरवणूक असेल तर तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्या. वीस-पंचवीस जणांची शांत फेरी असेल तर आम्हाला आजवर कुणी अडवलेलं नाही. खर्च चहा-पोहे, झेरॉक्स आणि एक हार्ड डिस्क एवढाच. स्कॅनर तुमच्या कॉम्प्लेक्समध्ये कुणाकडे ना कुणाकडे पडून असतोच, विचारून बघा.