तिसऱ्या दिवसाची गोळी

(सदर : ‘सिस्टर, एक विचारू?’ नाशिकमध्ये किमोथेरपीच्या डे-केअर विभागात बावीस वर्षं काम केलेल्या परिचारिका वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : सिस्टर, माझ्या सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत. स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन झालंय. आम्ही निफाडचे, किमोला नाशिकला येतो. पहिला डोस झाला त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही त्यांना काही झालं नाही. पिठलं-भाकरी खाल्ली. घरी घ्यायला तीन प्रकारच्या गोळ्या दिल्या होत्या. मेडिकलवाला म्हणाला, यातली एक डोक्याच्या आजाराची आहे. सासूबाई म्हणाल्या, ‘मला काय येड लागलंय का?’ त्रासही नव्हता, म्हणून आम्ही सगळ्याच गोळ्या बंद केल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे उलट्या सुरू झाल्या त्या पाचव्या दिवसापर्यंत. पोटात पाणी ठरेना. शेवटी गावातच सलाईन लावलं. पुढच्या गुरुवारी दुसरा डोस आहे आणि त्या म्हणतात, मेले तरी चालेल, पण जायची नाही. परवा रक्त तपासायला आणलं, तर चांदोरी मागे पडल्यावर गाडीतच मळमळायला लागलं. काय करू? – एक सून, निफाड

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिले दोन दिवस त्रास झाला नाही, तो गोळ्या आणि सलाईनमधल्या औषधांमुळे. त्रास नाही म्हणून गोळ्या नकोत, असा हिशेब जवळजवळ प्रत्येक घरात होतो, आणि तो उलटा आहे. या गोळ्या उलटी झाल्यावर घ्यायच्या नसतात. उलटी होऊच नये म्हणून असतात.

सासूबाईंना लाल रंगाचं औषध दिलं का? बहुतेक दिलं असणार. ते डॉक्सोरुबिसिन. सायक्लोफॉस्फामाइडबरोबर दिलं, की ही जोडी उलटीच्या बाबतीत सगळ्यात वरच्या गटात बसते. आधीपासून औषध दिलं नाही, तर या गटात शंभरातल्या नव्वदहून जास्त लोकांना उलट्या होतात. त्यातही बायकांना जास्त. ज्यांना गाडी लागते किंवा बाळंतपणाआधी उलट्यांनी हैराण केलं होतं, त्यांना आणखी जास्त. हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

तिसऱ्या दिवशीच का झालं, ते सांगते. पहिल्या दिवशीची उलटी आतड्यातून सुरू होते. तिथल्या पेशी सेरोटोनिन सोडतात आणि नसेवाटे मेंदूला निरोप जातो. ऑन्डॅनसेट्रॉन, ग्रॅनिसेट्रॉन, पॅलोनोसेट्रॉन ही औषधं तो निरोप अडवतात. दुसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंतचा त्रास जास्त करून मेंदूतल्या वेगळ्या रसायनामुळे होतो, त्याला सबस्टन्स पी म्हणतात. त्यावर अ‍ॅप्रेपिटंट. नेहमीच्या पाकिटात तीन कॅप्सूल असतात : किमोच्या दिवसाची १२५ मिलिग्रॅमची, पुढच्या दोन दिवसांच्या ८०च्या. म्हणजे तुम्ही औषध नेमकं त्याचं काम सुरू व्हायच्या वेळी थांबवलंत. दोष तुमचा नाही. तुम्हाला हे कुणी बसून समजावलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता ती ‘डोक्याची’ गोळी. ती ओलान्झापिन असणार. मानसिक आजारात ती दिली जाते, हे खरं आहे. पण उलटीचा निरोप मेंदू ज्या जागांवर घेतो, त्यातल्या बऱ्याच जागा हीच एक गोळी अडवते. मळमळीवर तर तिचा फार चांगला उपयोग होतो. उलटी थांबते, पण मळमळ जात नाही, ही तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकली आहे. तीन-चार रात्री घेतल्यानं कुणाला वेड लागत नाही, सवयही लागत नाही. झोप मात्र येते. म्हणून रात्री द्या, आणि रात्री बाथरूमला जाताना हात धरायला कुणीतरी असू द्या. पूर्वी १० मिलिग्रॅम देत. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये अडीच मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तर उलटी रोखण्यात ते दहाच्या तोडीस तोड ठरलं आणि गुंगी बरीच कमी आली. तो अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा ‘कमी डोस चालेल का?’ असं जरूर विचारा. ही गोळी चालू असताना गावात कुणी उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन द्यायला लागलं, तर आधी हिच्याबद्दल सांगा. दोन्ही एकत्र देऊ नयेत.

मी २००१ साली डे-केअरला लागले, तेव्हा अ‍ॅप्रेपिटंट यायचं होतं. अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती २००३ साली. प्रत्येक खाटेखाली टब असायचा. दिंडोरीकडच्या एका बाईंना मी म्हटलं होतं, ‘होतंच असं, थोडं सोसा.’ त्या तिसऱ्या डोसला आल्या नाहीत. त्यांची फाईल कितीतरी दिवस कपाटात वरच पडून होती. त्या दिवसापासून ‘सोसा’ हा शब्द मी सोडला. तुमच्या सासूबाई ‘जायची नाही’ म्हणतात तो हट्ट नाही, मागच्या वेळची भीती आहे. त्यांच्याशी वाद घालू नका.

गुरुवारची वाट न पाहता सोमवारीच फोन करा आणि नेमकं सांगा : कितव्या दिवशी, किती वाजता, किती वेळा, कोणत्या गोळ्या घेतल्या नव्हत्या. ‘खूप उलट्या झाल्या’ एवढ्यावर डॉक्टरांना औषध बदलता येत नाही. चांदोरीला मळमळतं, तेही सांगा. मागच्या अनुभवानं शरीर आधीच घाबरतं, रस्ता आणि स्पिरिटचा वास ओळखतं. त्यासाठी आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी लोराझेपामची छोटी गोळी देतात. पण खरा उपाय म्हणजे हा डोस उलटीशिवाय पार पडणं.

मी पेशंटच्या घरच्यांना एक करायला लावायचे. पांढरी चिकटपट्टी घ्या, तुकडे कापा आणि प्रत्येक गोळीच्या मागे लावून बॉलपेननं मराठीत लिहा : ‘गुरु. रात्री’, ‘शुक्र. सकाळी’, ‘शनि. सकाळी’. दिवस संपला, की त्या पट्टीखालची गोळी संपलेली हवी. सासूबाईंना वाचता येत असेल, तर त्यांच्याच हातानं लिहून घ्या.

खाण्याचं थोडक्यात : फोडणीच्या वेळी त्यांना ओट्यापासून लांब बसवा, गरम जेवणापेक्षा गार दहीभात बरा, तोही दोन-दोन घास. ऑन्डॅनसेट्रॉननं पोट बांधलं जातं आणि त्यानंही मळमळतं. दोन दिवस शौचाला झालं नाही तर कळवा. दिवसभर पाणीही ठरलं नाही, लघवी अगदी कमी किंवा गडद झाली, उभं राहिल्यावर अंधारी आली किंवा ताप १००.४च्या वर गेला, तर वेळ न बघता, रात्रीसुद्धा दवाखाना गाठा.

प्रश्न : वडील ६६ वर्षांचे, मधुमेह आहे. किमोनंतर उलटी होत नाही, पण दोन-तीन दिवस साखर ३००च्या वर जाते आणि रात्रभर टक्क जागे असतात. उलटीच्या गोळ्यांमुळे असेल का? – सातपूर

उत्तर : हो, त्यातल्या डेक्सामेथासोनमुळे. ते स्टेरॉइड आहे. स्वतःहून बंद करू नका. डोस कमी करता येईल का आणि त्या दिवसांपुरतं मधुमेहाचं औषध वाढवायचं का, हे कॅन्सरच्या आणि मधुमेहाच्या अशा दोन्ही डॉक्टरांना विचारा. गोळी सकाळी नाश्त्यानंतर द्या, संध्याकाळी नको. झोपेत फरक पडेल. सकाळी उपाशीपोटीची साखर चांगली आली म्हणून निर्धास्त राहू नका. सकाळच्या स्टेरॉइडनं साखर चढते ती दुपारी आणि संध्याकाळी. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी मोजा, आणि तो कागद पुढच्या वेळी फाईलमध्ये सगळ्यात वर लावून न्या.