डिफरेन्शिअल उघडण्याआधी टायर मोजा

मॅन्युअल गिअरची सुबारू, गरम झाल्यावर स्टिअरिंग पूर्ण कापलं की मागून कुणी धरून ठेवल्यासारखी अडते, टायर घासतात. तुम्ही सांगितलेल्या या लक्षणांवरून संशय व्हिस्कस कपलिंगवरच जातो, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या सेंटर डिफरेन्शिअलमधल्या (थोडक्यात सेंटर डिफ) सिलिकॉन भरलेल्या भागावर. पण पाना हातात घेण्याआधी चारही टायरचा घेर फितीने मोजा. त्यात पाव इंचाहून, म्हणजे साधारण ६ मिमीहून जास्त फरक चालत नाही. टायर लहानमोठे असले की पुढचा आणि मागचा शाफ्ट सरळ रस्त्यावरही वेगवेगळ्या गतीने फिरतात, कपलिंगमधलं सिलिकॉन तापत राहतं आणि एक दिवस कपलिंग जाम होतं. मी एकदा उलटं केलं होतं, आधी डिफ बदललं, टायर नंतर पाहिले. नवा डिफही गेला.

खात्री करायची सोपी युक्ती: गाडी चांगली गरम करा, मोकळ्या सपाट जागी हळू वेगात स्टिअरिंग पूर्ण कापा आणि क्लच दाबा. गाडी आपसूक घरंगळायला हवी. ब्रेक लावल्यासारखी थांबली, तर आतून बांधली गेलीय. नुसता कटकट आवाज येत असेल तर सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी त्याला ताकद पोचवणारा सांधा) बघा, डिफचा त्यात दोष नाही.

५ स्पीड गिअरबॉक्स असेल तर तो उतरवावा लागत नाही, सेंटर डिफ गिअरबॉक्सच्या मागच्या हाउसिंगमध्येच (कवचात) असतं. तेल काढा. प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) सोडताना फ्लँजवर, म्हणजे तो जोडला जातो त्या चकतीवर, खूण करा, नाहीतर बसवताना बॅलन्स बिघडतो. गिअरबॉक्सला खालून जॅकचा आधार देऊन क्रॉसमेंबर (गिअरबॉक्स पेलणारी आडवी पट्टी) आणि गिअरचं लिंकेज सोडलं की हाउसिंग मागे सरकतं. इथवर फक्त घाम गाळायचं काम आहे.

खरी मेख शिममध्ये, म्हणजे फट भरणाऱ्या पातळ चकतीत आहे. जुना शिम तसाच टाकायचा मोह होतो, पण नव्या डिफला तो बरोबर बसेलच असं नाही. डेप्थ गेजने (खोली मोजायच्या मापकाने) मोजा आणि सर्व्हिस मॅन्युअलच्या तक्त्यातून जाडी निवडा. सैल राहिला तर खडखड, घट्ट झाला तर बेअरिंग जातं. मागचं ऑइल सीलही याच वेळी बदला, त्यासाठी परत गाडीखाली झोपायला कुणाला आवडतं?

तेल ७५डब्ल्यू-९०, जीएल-५. गिअरबॉक्स आणि पुढचं डिफ मिळून हेच एक तेल वापरतात, त्यामुळे ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय चिकटलंय ते नीट बघा. बारीक काळा गाळ ठीक, पण तुकडे दिसले तर प्रकरण डिफपुरतं नाही. आणि तेल बदलून कपलिंग सुटेल या आशेवर राहू नका. त्यातलं सिलिकॉन सीलबंद असतं, बाहेरच्या तेलाचा त्याच्याशी संबंध नाही.