वाचकांचे प्रश्न : मागचे टायर रुंद घालू का?

प्रश्न : माझी स्कोडा कोडियाक ४×४ आहे. चारही टायर २३५/५५ आर १८, रिम ७ इंची. गाडी मागून भरदार दिसावी म्हणून मागे २५५/५५ आर १८ घाला, एवढ्याने काही होत नाही, असं टायरवाला म्हणतो. घालू का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हे माप अजिबात घालू नका. अडचण रुंदीची नाही, उंचीची आहे. टायरवरचा ५५ हा आकडा मिलिमीटरचा नसतो, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, ते तो सांगतो. रुंदी वाढवून ५५ तसाच ठेवला की टायर आपोआप उंच होतो. आर १८ म्हणजे रिमचा व्यास १८ इंच, अर्थात ४५७.२ मिमी; त्यात टायरच्या भिंतीची उंची दोनदा मिळवा. आत्ताच्या टायरचा व्यास ७१५.७ मिमी येतो, सुचवलेल्याचा ७३७.७. फरक २२ मिमी, म्हणजे तीन टक्क्यांहून थोडा जास्तच. दर किलोमीटरला पुढची चाकं मागच्यांपेक्षा तेरा-चौदा फेरे जास्त घेणार. नाशिकहून मुंबईला पोचेपर्यंत दोन हजारांच्या वर.

फक्त पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हा फरक कुणाला जाचत नाही, कारण पुढची-मागची चाकं एकमेकांना जोडलेलीच नसतात. आपल्या गाडीत मागच्या डिफरन्शियलच्या (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या) तोंडाशी हॅल्डेक्स क्लच आहे : तेलात बुडालेल्या पातळ चकत्यांचा गठ्ठा, पंपाच्या दाबाने आवळला जाणारा. पुढची चाकं घसरायला लागली की गठ्ठा आवळून मागे ताकद पाठवायची, हे त्याचं काम. मागे मोठे टायर घातले की कोरड्या, सरळ रस्त्यावरही पुढची चाकं जास्त फिरताना दिसतात. चकत्या आवळलेल्या अवस्थेत एकमेकींवर घासतात, तेल तापतं, आणि चकत्यांचा भुगा पंपाच्या बारीक जाळीत जाऊन बसतो. जाळी तुंबली की पंपावर ताण येतो आणि शेवटी तो जळतो. गाडी त्यानंतरही चालते, पण पुढच्याच चाकांवर. बऱ्याच जणांना हे कळतं ते चिखलात अडकल्यावर.

मागे रुंद टायर हवाच असेल तर २५५/५० आर १८ बघा. व्यास ७१२.२ मिमी, म्हणजे साडेतीन मिमी कमी. फरक जेमतेम अर्धा टक्का. याच्या पलीकडे आम्ही कुणाला जा म्हणणार नाही. मागचा टायर किंचित लहान असलेला इथे चालतो, कारण कोडियाकचे पुढचे टायर आधी झिजतात. पुढचं रबर मागच्यापेक्षा पावणेदोन मिमी जास्त झिजलं की दोन्ही व्यास सारखे होतात. उलट मागचा मोठा असेल तर प्रत्येक हजार किलोमीटरला तफावत वाढतच जाते. त्यातून पुढे-मागे अदलाबदल करायची सोय संपते, हे वेगळंच.

२५५ चा टायर ७ इंची रिमवर बसतो खरा, पण ती त्याची खालची मर्यादा आहे, भिंती फुगतात. ८ इंची रिम घ्या : पाच बोल्ट ११२ मिमी वर्तुळावर, मधलं भोक ५७.१ मिमी. रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून बोल्टच्या बैठकीचं अंतर) मूळचाच, म्हणजे ४३ मिमी, ठेवला तर रिमची आतली कड १२.७ मिमी आत सरकते. म्हणून चाक चढवून शॉकअपपाशी बोट फिरतं का ते पाहा आणि मगच टायर बसवायला सांगा. टायरचा लोड इंडेक्स, म्हणजे तो किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, १०० पेक्षा कमी नको. बोल्ट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराला आवळणाऱ्या पान्याने) १४० न्यूटन मीटरला आवळा आणि ५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

‘मग बीएमडब्ल्यू कशी करते?’ असं कुणी विचारेल. तिच्या ३ सिरीजला पुढे २२५/४० आर १९ आणि मागे २५५/३५ आर १९ येतात; हिशोब केला तर व्यासातला फरक दीड मिमी निघतो. शिवाय त्या गाडीची मुख्य ओढ मागच्या चाकांवर असते. कोडियाकची पुढे असते. मागची पकड वाढवली तर वळणावर गाडीचं नाक आणखी बाहेर जाईल. आमचं स्पष्ट मत : खर्च करायचाच तर चारही टायर एकाच मापाचे घ्या.

छापील मापावर विसंबू नका. एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या टायरचे घेर वेगळे निघतात. चारही चाकांत नेमून दिलेली हवा भरा, सपाट जागी पुढच्या आणि मागच्या टायरच्या तळाशी खडूची उभी रेघ मारा, तशीच जमिनीवरही ओढा. गाडी पुढच्या चाकाचे पाच फेरे होईपर्यंत ढकला. आत्ताच्या टायरला हे अंतर अकरा मीटरच्या आसपास भरेल. मग मागच्या चाकाचे पाच फेरे मोजा. दोन्हींत पाच-सहा सेंटिमीटरचा फरक चालेल, तीस आला तर नाही.

प्रश्न : न्यू जर्सीत सुबारू आउटबॅक वापरतो. खिळ्याने एक टायर कायमचा गेला, बाकीचे तीन अर्धे झिजलेत. एकच नवा घेतला तर चालेल? (एक वाचक, अमेरिका)

उत्तर : नाही. हीही चारही चाकांवर चालणारी गाडी. सुबारूची मर्यादा चारही टायरच्या घेरात पाव इंच, म्हणजे साधारण ६.४ मिमी. रबर १ मिमी झिजलं की घेर ६.२८ मिमीने कमी होतो. एका मिलिमीटरमध्येच मर्यादा संपते. तुमच्या नव्या-जुन्या टायरच्या रबरात फरक चारेक मिमीचा असणार. तिकडे नवा टायर यंत्रावर घासून जुन्यांच्या उंचीला आणून देणारी दुकानं आहेत. त्याच कंपनीचा, त्याच नमुन्याचा टायर घेऊन तसं करून घ्या. बाकीचे तीन ३ मिमीच्या खाली गेले असतील तर चारही नवे घ्या. आणि तोपर्यंत बारीक स्टेपनी लावून फिरू नका. ती फक्त दुकानापर्यंत पोचण्यासाठी असते.