डिझेल, पेट्रोल की इलेक्ट्रिक? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जुनी डिझेल गाडी काढून नवी घ्यायची आहे. रोज ऑफिसला सहा किलोमीटर जाणे, तेवढेच येणे. वर्षातून तीन-चार लांबचे प्रवास. जुन्या गाडीला डीपीएफ नव्हता, तिने कधी त्रास दिला नाही. पुन्हा डिझेलच घ्यावी का?

उत्तर : एवढ्या रनिंगवर नको. त्रास न होण्याचे कारण तुम्हीच सांगितले आहे. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर. त्यात साठलेली काजळी जाळायला आतले तापमान साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते. त्यासाठी बहुतेक गाड्या सिलिंडरमध्ये उशिराने थोडे जादा डिझेल सोडतात. ते पुढे कॅटॅलिस्टमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जळते आणि फिल्टर तापतो. पण त्याला इंजिन पूर्ण गरम हवे आणि पंधरा-वीस मिनिटांची सलग धाव हवी. सहा किलोमीटरमध्ये इंजिन ऑइल जेमतेम कोमट होते. काजळी जळू लागते न लागते तोच ऑफिस येते, गाडी बंद होते आणि काम अर्धवट राहते. असे वारंवार झाले की डॅशबोर्डवर दिवा लागतो.

दिव्यापेक्षा वाईट गोष्ट डोळ्यांआड घडते. ते जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली की लोक खूश होतात, ‘गाडी ऑइल खात नाही’ म्हणतात. प्रत्यक्षात ऑइल पातळ होत असते, आणि टर्बोचे बेअरिंग त्याच ऑइलवर फिरते. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट न पाहता ऑइल बदलावे.

तरीही डिझेल घेतलीच, तर काजळी जाळण्याचे काम सुरू असल्याच्या खुणा ओळखा : आयडलिंग नेहमीपेक्षा चढे, ॲव्हरेज अचानक पडलेले, गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहतो. अशा वेळी एक गिअर खाली ठेवून २,००० ते २,५०० आरपीएमवर पंधरा मिनिटे गाडी पळवून आणा. ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेले लो-ॲशच घाला. काजळी जळते, पण ऑइलमधून येणारी राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची साचते.

प्रश्न : डिझेल मॉडेलचे जादा पैसे किती किलोमीटरमध्ये वसूल होतात?

उत्तर : हिशेब लिटरमध्ये करा, सोपा जातो. दोन मॉडेलांच्या किमतीतल्या फरकाला इंधनाच्या दराने भागा. समजा उत्तर १,५०० लिटर आले. पेट्रोल गाडी लिटरला १६ किलोमीटर देत असेल तर १०० किलोमीटरला ६.२५ लिटर लागतात. डिझेल २० देत असेल तर ५ लिटर. बचत सव्वा लिटर. म्हणजे फरक फिटायला १,२०,००० किलोमीटर, तेही दोन्ही इंधनांचे दर सारखे धरून. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला दहा वर्षे लागतील. तोवर इंजेक्टर, ईजीआर व्हॉल्व्ह, ड्युअल मास फ्लायव्हील अशा भागांपैकी कशाची तरी दुरुस्ती डोके वर काढण्याची शक्यता बरीच, आणि यातले एकही स्वस्त नाही. महिन्याला अडीच-तीन हजार किलोमीटर, तेही हायवेवर, किंवा मागे ट्रेलर ओढायचा असेल, तर डिझेलला आजही तोड नाही.

ॲव्हरेजचे आकडे माहितीपत्रकातले घेऊ नका. टाकी काठोकाठ भरा, चारशे किलोमीटर चालवा, पुन्हा काठोकाठ भरा आणि भागाकार करा.

प्रश्न : रोजचे रनिंग ५० किलोमीटर आहे. पार्किंगमध्ये स्वतःची जागा आणि १६ ॲम्पिअरचे साधे सॉकेट आहे. इलेक्ट्रिक गाडीला एवढे पुरेल का?

उत्तर : वीज पुरेल. १६ च्या सॉकेटवरून चार्जर १० ॲम्पिअरच घेतो असे धरू. १० ॲम्पिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे २.३ किलोवॉट. गाडी युनिटला सहा किलोमीटर देते असे धरले तर ५० किलोमीटरला सव्वाआठ-साडेआठ युनिट, चार्जिंगमधली दहा टक्के घट धरून सव्वानऊ. रात्री चार तासांत काम झाले.

अडचण वायरिंगची. इस्त्री किंवा गिझर थोडा वेळ चालतो. गाडी चार-चार तास सलग १० ॲम्पिअर ओढते. सॉकेटची पकड ढिली असेल तर तिथेच उष्णता साठते आणि प्लास्टिक वितळू लागते. म्हणून मीटरपासून स्वतंत्र लाइन, तिला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच), निदान ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर (अंतर लांब असेल तर आणखी जाड), ३० मिलिॲम्पिअरचा टाइप-ए आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) आणि खरे अर्थिंग हवे. अर्थिंग कच्चे असेल तर बरेच चार्जर सुरूच होत नाहीत. दोष चार्जरला दिला जातो. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. पहिल्यांदा लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. पुढे ७.४ किलोवॉटचा चार्जर बसवायचा झाला तर तो ३२ ॲम्पिअर घेतो; आधी मंजूर भार तपासा.

दर पटतो का, याची एक ढोबळ कसोटी : सोळाच्या ॲव्हरेजच्या पेट्रोल गाडीशी तुलना करताना, एका युनिटचा दर पेट्रोलच्या लिटरमागच्या दराच्या एक तृतीयांशाहून जास्त असेल तर इंधनखर्चात बचत नाही. घरच्या मीटरवर सहसा हे गणित जमते. सार्वजनिक फास्ट चार्जरवर अनेकदा फसते. म्हणून रात्री गाडी प्लगपाशी उभी राहत नसेल, तर आमच्या मते इलेक्ट्रिकची घाई करू नये.

प्रश्न : हायवेवर इलेक्ट्रिक गाडीची रेंज इतकी का पडते?

उत्तर : हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून ११० वर गेलात की तो जवळजवळ १.९ पट होतो. थंडीत हीटर आणि गारठलेली बॅटरी यांची त्यात भर. शिवाय प्रवासात बॅटरीचा १० ते ८० टक्के हाच कामाचा पट्टा. त्यापुढे चार्जिंग मंदावते. शंभर टक्क्यांसाठी ताटकळण्यापेक्षा दोन छोटे थांबे घ्या.

प्रश्न : रनिंग कमी, घरी चार्जिंगची सोय नाही. मग पेट्रोलच ना?

उत्तर : हो. त्यातही शक्य तर साधे, टर्बो नसलेले, पोर्ट इंजेक्शनचे (पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या आधीच सोडणारे) इंजिन. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाते, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बन बसतो. सगळे रनिंग शहरातल्या ट्रॅफिकमध्ये असेल तर हायब्रिडही पाहा. हायवेवर तिचा फायदा बराच घटतो.

प्रश्न : वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेताना काय तपासावे?

उत्तर : डॅशबोर्डवरच्या रेंजच्या आकड्यावर जाऊ नका, तो आधीच्या चालकाच्या पायावर ठरतो. बॅटरीच्या स्टेट ऑफ हेल्थचा (मूळ क्षमतेपैकी किती उरली याचा) लेखी रिपोर्ट मागा. वॉरंटी अनेकदा आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर आणि ७० टक्के क्षमता अशी असते. ती नव्या मालकाच्या नावावर होते का, ते वाचा. गाडी लिफ्टवर घेऊन बॅटरीचे खालचे कव्हर पाहा. तिथे खोल चेप असेल तर सौदा सोडा. ब्रेक डिस्कवर गंज साचलेला असू शकतो, कारण रिजनरेशनमुळे (वेग कमी करताना मोटरच बॅटरी भरते) ब्रेक फारसे लागतच नाहीत. आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी किती जुनी आहे ते विचारा. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.