नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे भारताच्या भूखंडाबरोबर वाहत आले का?

तुम्ही विचारलंय की खानदेशात चोपड्याकडे हे चारही साप दिसतात, तर भारत आफ्रिकेपासून सुटून उत्तरेला सरकला तेव्हा ते त्याच्यावर बसूनच आले का.

नाही. सगळ्यात सोपा पुरावा मादागास्करचा. ते बेट सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत भारताला चिकटलेलं होतं. नागाचं कुळ (इलापिडी, मण्यारही यातलीच) किंवा घोणसाचं (व्हायपरिडी, फुरसंही यातलंच) तेव्हा इथे असतं, तर तिकडेही काहीतरी उरायला हवं होतं. तिथल्या जमिनीवर या दोन्ही कुळांतला एकही साप नाही. बेटावर एखादं कुळ नष्टही होऊ शकतं, म्हणून एवढ्यावर निकाल लागत नाही. पण जनुकांची तुलनाही तेच सांगते.

भारताबरोबर आले ते मॅडसोइडी कुळातले, विषदंत नसलेले साप. गुजरातेत ढोली डुंगरीला डायनोसॉरच्या घरट्यात अंड्याभोवती वेटोळं घातलेला सनाजेह नावाचा साप सापडला. लांबी सुमारे ३.५ मीटर, वय ६.७ कोटी वर्षं. कच्छमधल्या पानंध्रोचा वासुकी ४.७ कोटी वर्षांपूर्वीचा, अंदाजे ११ ते १५ मीटर. नाव वासुकी असलं तरी त्याला फणा चिकटवू नका.

खानदेशातला काळा खडक म्हणजे ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा लाव्हा, त्यात सापाची हाडं शोधण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा तापी जिथे समुद्राला मिळते त्या सुरत जिल्ह्याकडे बघा. वस्तानच्या लिग्नाइट (तपकिरी कोळसा) खाणीत सुमारे ५.४ कोटी वर्षांपूर्वीचा प्रोसेरोफिस नावाचा साप मिळाला. धामण, नाग, घोणस ज्या मोठ्या गटात येतात त्याचा हा फार जुना नमुना. पण हाती आले ते मणके, आणि गाडं अडतं ते इथेच. सापाची कवटी म्हणजे पातळ, सैल जोडलेली हाडं, ती विखुरतात. मणके मात्र एकेका सापात दोनशेच्या वर, ते टिकतात. मणक्यावरून गट कळतो, विष नाही. त्यासाठी दात हवा. घोणसाचा दात लांब, पोकळ, मिटून टाळूला लागणारा. नागाचा आखूड आणि ताठ. जर्मनीत सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीचे असे दात मिळालेत, आणि ते आजच्या दातांसारखेच आहेत.

वय ठरवताना आणखी एक घोळ होतो. जीवाश्म ‘तेव्हा हे कुळ होतंच’ एवढंच सांगतो, ‘तेव्हाच सुरू झालं’ असं नाही. टांझानियात रुक्वा खोऱ्यातला नागकुळाचा मणका २.५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, म्हणजे कुळ त्याहून जुनं. असा एखादा मणका चुकीच्या कुळात टाकला, तर जनुकांवरून मांडलेल्या सगळ्या तारखा लाखो वर्षांनी सरकतात, कारण त्या जीवाश्मांच्या वयावरच बेतलेल्या असतात.

आता वाटा. नागकुळाचं मूळ आशियात धरतात. एक शाखा आफ्रिकेत गेली, एक बेटाबेटांवरून ऑस्ट्रेलियात, एक आजच्या बेरिंग सामुद्रधुनीच्या जागी असलेल्या जमिनीवरून अमेरिकेत. मण्यार मात्र आशियातच राहिली. घोणसाचं कुळ ऑस्ट्रेलियात पोचलंच नाही. तिथला ‘डेथ ॲडर’ जाडजूड, आखूड, हुबेहूब घोणसासारखा, पण कुळ नागाचं. सह्याद्रीतला हिरवा चापडा घोणसाच्याच कुळातला; त्याच्या भाईबंदांनी बेरिंगची वाट धरली, अमेरिकेतला रॅटलस्नेक त्यांचाच वंशज.

फुरशाचे बाकीचे नातलग अरबस्तानात आणि आफ्रिकेत. अरबस्तान आशियाला येऊन भिडला सुमारे २ कोटी वर्षांपूर्वी, तेव्हा इराण-सिंधची कोरडी वाट हीच त्याची वाट असावी असं मला वाटतं. केळीच्या ओल्या बागेपेक्षा मुरमाड माळ त्याला मानवतो, तोही कोरड्या मुलखाच्या याच सवयीमुळे.

आणि कोकणात मासेमारीच्या जाळ्यात येणारे समुद्रसाप? त्यांचे पूर्वज ऑस्ट्रेलियाकडे गेलेल्या शाखेतले. तिथे समुद्रात उतरले आणि पोहत परत आले.