घरी राहून महिला उद्योजकांसाठी सल्लागार म्हणून काम सुरू करायचं आहे. कोर्स कोणता करावा, फी किती घ्यावी?

ताई, तुम्ही लिहिलंय की बारा वर्षं अकाउंट्समध्ये नोकरी केलीत, मुलांसाठी ती सोडलीत आणि आता घरूनच लहान व्यवसाय करणाऱ्या बायकांना मार्गदर्शन करायचं आहे. मी सांगलीत हेच काम करते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी मसाले, चटण्या, दिवाळीचा फराळ, बेदाणा यांत आहेत.

कोर्सच्या मागे लागू नका. या कामाला कुठलं प्रमाणपत्र लागत नाही आणि भिंतीवरचं सर्टिफिकेट बघून कुणी येतही नाही. तुम्हाला हिशेब येतो, त्यावरच काम उभं राहील. फक्त जिथे सीए लागतो तिथे सीएकडेच पाठवायचं, तेवढी मर्यादा पाळा. आणि "सगळ्या महिला उद्योजकांना सगळी मदत" असं काम सुरू करू नका. खाद्यपदार्थ, शिवणकाम, पार्लर यांपैकी एक धरा. प्रत्येकाचं गणित वेगळं असतं. एकाच क्षेत्रात राहिलात तर दुसऱ्या-तिसऱ्या बाईपासून तुमचा सल्ला धारदार व्हायला लागतो.

आता खरं काम काय असतं ते सांगते. भाजणीची चकली ४०० रुपये किलोने विकणारी बाई घ्या. ती सांगते, "किलोमागे दोनशे सुटतात." तिच्या स्वयंपाकघरात बसून वजनकाट्यावर मोजायला घ्यायचं. एक किलो चकलीला भाजणी ९० रुपयांची, शोषलं जाणारं तेल ४०, तीळ-ओवा-तिखट १५, गॅस २५, पाकीट आणि लेबल २०. झाले १९०. इथपर्यंत तिचं बरोबर असतं. मग विचारायचं, "मळणं, पाडणं, तळणं, भरणं याला वेळ किती?" दोन तास. तासाला ८० रुपये धरले तरी १६० झाले. तुकडे पडलेला माल आणि पोचवण्याचा खर्च ३५. एकूण ३८५. म्हणजे सुटतात पंधरा. आणि दुकानदार २५ टक्के मार्जिन मागतो तेव्हा तिच्या हातात ३०० येतात, ती दर किलोला ८५ रुपये घालवून माल देते. हे आकडे गावागणिक बदलतील, पण दोन तासांची ती ओळ जवळजवळ प्रत्येकीच्या वहीत नसतेच. ती ओळ लिहून घेणं हे तुमचं पहिलं काम. त्यातून दर वाढवायचा, पाकीट लहान करायचं की दुकानाचा नाद सोडून थेट गिऱ्हाइकाला विकायचं, हे तिचं तीच ठरवते.

बायकांना हिशेब येत नाही असं मात्र मनात धरून जाऊ नका. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांच्या पुढाकारातून १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्याआधी सभासद निरक्षर म्हणून परवाना नाकारला गेला होता. त्या बायका पुन्हा गेल्या आणि व्याजाचं गणित तोंडी करून दाखवायची तयारी दाखवली. हिशेब येतोच, फक्त त्यात स्वतःची मजुरी धरायची सवय कुणी लावलेली नसते.

दुसरी गोष्ट, पैसे कुणाच्या खात्यात जमा होतात ते पहिल्याच भेटीत बघा. पाकिटावरचा क्यूआर कोड मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या नावाचा असतो. घरात त्यावरून भांडण नसतं, सोयीचं म्हणून तसं झालेलं असतं. पण ती मुद्रा कर्जाला, म्हणजे छोट्या व्यवसायासाठीच्या सरकारी योजनेतल्या कर्जाला, बँकेत जाते तेव्हा तिचं स्टेटमेंट कोरं निघतं. व्यवसाय चांगला चाललेला असूनही कागदावर तो नसतोच. तिच्या नावाचं खातं, त्याच खात्याचा क्यूआर आणि तिच्याच नावाची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), एवढं केलंत तरी तुमची फी वसूल झाली.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. अन्न सुरक्षेच्या साध्या नोंदणीचं शुल्क वर्षाला १०० रुपये. याच कामाचे दोन-दोन हजार घेणारे लोक बाजारात बसलेत, मला त्याचा राग येतो. तुम्ही शेजारी बसून तिलाच मोबाइलवर फॉर्म भरायला लावा.

अनुदानाच्या बाबतीत कडक राहा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात महिलांना ग्रामीण भागात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, शहरात २५ टक्के अनुदान आहे आणि स्वतःचा हिस्सा ५ टक्के. पण ती रक्कम हातात मिळत नाही, बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहते आणि मग कर्जात वळती होते. हे आधीच समजावलं नाही तर बाई त्या पैशांच्या भरवशावर मशीन बुक करून बसते. आणि अनुदानातली टक्केवारी कधीही फी म्हणून घेऊ नका. टक्केवारी घेतली की कर्ज जितकं मोठं तितका तुमचा फायदा, आणि तिला मोठं कर्ज झेपेल की नाही हे तुम्ही तटस्थपणे सांगूच शकणार नाही.

फीचं म्हणाल तर मी पहिला अर्धा तास फोनवर मोफत बोलते. त्यानंतर घरी जाऊन कॉस्टिंग, खातं, नोंदण्या, लेबल हे सगळं लावून देण्याचे २,५०० रुपये, आणि ज्यांना दर महिन्याला हिशेब बघून हवा असतो त्यांच्याकडून महिना ८००. दोन हप्त्यांत घेते, पण घेते. फुकट दिलेला सल्ला बाई ऐकते आणि बाजूला ठेवते. पैसे भरले की वही घेऊन बसते. पहिल्या वर्षी नोकरीच्या पगाराइतके पैसे सुटतील ही अपेक्षा ठेवू नका, घरच्यांनाही तसं आधीच सांगून ठेवा. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीची सहसा काळजी नाही.

घरून काम म्हणजे वेळ ठरवलेली हवी. माझे फोन दुपारी दोन ते चार. जेवणं आवरून बायका त्याच वेळात मोकळ्या असतात आणि माझीही मुलं तेव्हा शाळेत असतात. पहिली भेट मात्र प्रत्यक्षच घ्या. व्हिडिओवर स्वयंपाकघर दिसतं, पण फोडणी चालू असताना सासूबाई काय म्हणतात ते कळत नाही, आणि बरेचदा खरी अडचण तिथेच असते.

गिऱ्हाइकं शोधायला माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळ) लोकसंचलित साधन केंद्रात आणि उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, तालुका कार्यालयात जा, बचत गटांच्या बैठका कधी असतात ते विचारा. दिवाळीआधीच्या प्रदर्शनांत स्टॉल फिरून बायकांशी बोला, फक्त संध्याकाळच्या गर्दीत नको, सकाळी. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयातही चौकशी करा. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रस्ताव तयार करून देणाऱ्या जिल्हा संसाधन व्यक्ती नेमल्या जातात, त्यांचं मानधन सरकार देतं, लाभार्थीकडून काही घ्यायचं नसतं. नवी नेमणूक चालू आहे का ते तिथेच कळेल. तुमच्या अकाउंट्सच्या अनुभवाला हे काम अगदी जुळणारं आहे, अर्ज नक्की करा.